मागच्या गवतावरचे तिघे

आमच्या गावचा कॉलेजच्या पोरांचा उन्हाळी बेसबॉल संघ बंद पडून वीस वर्षं झाली. मैदान आता शाळेला मिळालं. उद्घाटनाला शेवटच्या संघातली मुलं यावीत म्हणून मार्लिस ट्वेटने एकेकाला फोन लावले. बरेच जण तिच्याच घरी राहून खेळले होते, तिला आईच म्हणायचे.

चेंडू टाकणारा ग्रॅडी हसत म्हणाला, "येतो गं आई, पण मक्याची कणसं उकडून ठेव!"

मैदानाच्या मागच्या गवतावर डावीकडे उभा राहायचा तो टॅनर. त्याचा फोन बायकोने उचलला. "टॅनर मार्चमध्ये गेला हो. रक्ताचा कॅन्सर." उजवीकडच्या कर्टिसच्या घरीही तेच ऐकायला मिळालं. त्या दोघांच्या मधे उभा राहणाऱ्या ब्रॉडीने फोन स्वतः घेतला, पण आवाज ओळखू येईना. "आई, नाही जमणार. किमो चालू आहे."

मार्लिस तशीच उठून मैदानावर गेली. म्हातारा ऑर्विल गवताला पाणी घालत होता.

"ऑर्विल, मैदान व्हायच्या आधी त्या मागच्या बाजूला काय होतं रे?"

"कारखान्याचा खड्डा. फवारणीच्या विषारी औषधांची पिंपं पुरायचे त्यात. मग वर माती लोटली नि गवत लावलं. का गं?"

ती धावतपळत मुख्याध्यापिकेकडे पोचली. "शनिवारचं उद्घाटन थांबवा! एकाही पोराला तिथं पाऊल टाकू देऊ नका!"

मुख्याध्यापिका हसल्या.

"अगं मार्लिस, फीत तेवढी कापायची राहिलीय. बालवाडीची पोरं गेलं वर्षभर तिथल्याच गवतात लोळताहेत."