उशिरा कळलेला आजार

"एक मिनिट बावन्न," आई म्हणाली. "मागच्यापेक्षा बरं आहे. आता जरा वर ये, तुला एक सांगायचंय."

लेक तरणतलावाच्या काठाला धरून धापा टाकत होती. अजून सहा फेऱ्या बाकी होत्या. ट्रायथलॉन अकरा आठवड्यांवर आलं होतं. आधी तळ्यात पोहायचं, मग सायकल, मग धावायचं, तिन्ही एका दमात. त्यातून जमणारा निधी कर्करोगावरच्या संशोधनाला जाणार होता. त्यासाठी तिनं गल्लोगल्ली फिरून पत्रकं वाटली होती. पत्रकाच्या एका बाजूला शर्यतीची माहिती होती, दुसऱ्या बाजूला बायकांनी स्वतःची छाती कशी तपासावी ते, चित्रांसकट. उरलेला गठ्ठा घरी जेवणाच्या टेबलावर पडून होता.

"तिथूनच सांग. वर आले तर अंग गार पडेल."

आईनं आजूबाजूला पाहिलं. बाकावर दुसरं कुणी नव्हतं, तरी तिनं आवाज खाली आणला. "तुझं ते पत्रक वाचलं. तसं करून बघितलं. डाव्या बाजूला वाटाण्याएवढं काहीतरी लागतंय हाताला."

लेकीला खरंच हसू आलं. "आई, पत्रक वाचलं की सगळ्यांनाच गाठी लागतात. संधिवाताचं आणून देते, उद्या गुडघेही धरतील. शर्यत होऊ दे, मग जाऊ दाखवायला. लाव घड्याळ."

"जा, बदकबाई," आई म्हणाली आणि तिनं स्टॉपवॉचचं बटण दाबलं.

शर्यत झाली, पदक मिळालं. आईनं सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवल्या. मग पुढच्या शर्यतीचा सराव सुरू झाला. आईनं तो विषय पुन्हा काढला नाही. उगाच बाऊ करणारी बाई म्हणवून घेणं तिला कधीच आवडलं नव्हतं. लेकीला मधे दोनदा आठवलं. दोन्ही वेळा ती सायकलवर होती, आणि घरी पोचेपर्यंत विसरली.

आठ महिन्यांनी आईची पाठ दुखायला लागली. डॉक्टरांनी तपासण्यांचे सगळे कागद दोनदा पाहिले आणि विचारलं, "गाठ कधीपासून आहे?" बाबा आईशेजारच्या खुर्चीत होते. लेक दाराशी उभी होती. आईनं कुणाकडेच पाहिलं नाही.

"आत्ताच," ती म्हणाली. "गेल्या आठवड्यात लागली हाताला."

लेकीनं तोंड उघडलं आणि मिटलं. पुढे दोन महिने दोघी त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. मग आई गेली.

पुढची शर्यत लेकीनं आईच्या नावानं धावायची ठरवली. संयोजकांना माहिती हवी होती. तिनं लिहून दिलं, 'आईचा आजार उशिरा कळला.' वाचणारा हळहळायचा आणि देणगी द्यायचा. ऑफिसातल्या बायका म्हणायच्या, मुलगी असावी तर अशी. ती मान खाली घालून डबा उघडायची.

ते वाक्य बाबांनीही वाचलं होतं. त्यांची सगळी नोकरी लेथ मशीनवर गेली होती. आता ते सायकलची साखळी पुसायचे, तिच्या पोहण्याची वेळ मोजायचे, आणि जेवताना मधेच हात थांबवून स्वतःची बोटं न्याहाळायचे.

"या बोटांना केसभर फरक कळायचा," ते एकदा म्हणाले. "आणि घरातल्या माणसाचं दुखणं कळलं नाही. का नसेल बोलली ती? मी वसकन ओरडेन असं वाटलं असेल का गं तिला?"

"तसं काही नाही, बाबा. जेवा तुम्ही."

असं त्यांनी विचारलं की ती बूट घालून बाहेर पडायची. ज्या दिवशी विचारायचे, त्या दिवशी ती नेहमीपेक्षा लांब पळायची. संयोजक म्हणाले, तुमची तयारी यंदा जबरदस्त दिसते.

शर्यतीच्या सकाळी तळ्याच्या काठावर पिवळ्या टोप्यांची गर्दी होती. संयोजकांनी बाबांच्या हातात माइक दिला. "काका, दोन शब्द बोला."

"मला बोलता येत नाही," बाबा म्हणाले. ते कर्ण्यातून सगळ्यांना ऐकू गेलं. काही जण हसले. बाबांनी घसा साफ केला.

"माझी बायको कुणालाच बोलली नाही. घरात ऐकून घेणारं माणूस असलं तर बाई बोलते. तिच्या घरात मी होतो. तेव्हा चूक माझीच आहे. तुम्ही आपल्या घरी जाऊन विचारा. मी विचारलं नाही."

शेजारच्या बाईनं लेकीच्या खांद्यावर थोपटलं. शिट्टी वाजली. टोप्या एकामागोमाग पाण्यात शिरल्या. लेकीच्या गुडघ्यांपर्यंत पाणी आलं, आणि ती वळली. समोरून येणाऱ्यांचे धक्के खात ती काठावर परत आली.

"अहो ताई, वेळ सुरू झाली तुमची!" संयोजक ओरडले.

बाबा जागचे हलले नव्हते. माइक त्यांनी छातीशी धरला होता. त्यावरचा हिरवा दिवा अजून लागलेला होता. लेकीनं तो पाहिला.

"काय झालं गं?" बाबा गडबडले. "गॉगल राहिला का?"

"बाबा, आईला लवकर कळलं होतं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज कर्ण्यातून सगळ्या तळ्यावर पसरला. "तिनं सांगितलंही होतं. मला. मी हसण्यावारी नेलं."