विजोड मोजे

सकाळी सर्जनच्या पायात तिला एक काळा आणि एक निळा मोजा दिसला. हाच माणूस आता नवऱ्याच्या कानामागच्या बारीक छिद्रातून आतल्या नसेवरची वाटाण्याएवढी गाठ काढणार होता. जरा हात चुकला की तो कान गेला, अर्धा चेहराही लुळा. संध्याकाळी शुद्धीवर आलेल्या नवऱ्याला सर्जन म्हणाले, “हसून दाखवा.” चेहरा ढिम्म हलेना. सर्जनचाही उतरला. “डॉक्टर, हे लग्नाच्या फोटोतही हसले नाहीत,” ती म्हणाली. जन्मभर प्रूफं तपासणारा हा गृहस्थ दुसऱ्याची चूक सापडली तरच हसायचा. त्याचा चांगला कान तळव्याने झाकून ती दुसऱ्यात कुजबुजली, “अहो, डॉक्टरांचे मोजे बघा, दोन रंगांचे.” ओठांची दोन्ही टोकं सारखीच वर गेली. “काय सांगितलंत?” सर्जननी विचारलं. “देवाचं नाव घेतलं.”