मागची सीट

"बसलीस पुन्हा?" मास्तर वैतागून म्हणाले.

बुरुजाच्या पायऱ्या अजून निम्म्याही चढून झाल्या नव्हत्या आणि बायकोनं तिथेच फतकल मारली होती. एक बूट काढून ती पोटरी दाबत होती.

"तुम्ही व्हा पुढे. मी येते मागनं."

"मागनं! तुझं सगळं मागनंच!"

मास्तर शाळेत व्यायाम शिकवून निवृत्त झालेले. गळ्यातली शिट्टी गेली, आवाज मात्र तसाच राहिला. जोडसायकल घ्यायची, पुढे एक सीट, मागे एक, दोघांनाही पायडल, पुढचे साखळीनं मागच्यांना जोडलेले, आणि समुद्राकाठानं थेट लेकीच्या गावापर्यंत जायचं, ही कल्पना त्यांचीच. आज या जुन्या बंदरात विश्रांतीचा दिवस होता. किल्ला, दीपगृह, जुनी जकात कचेरी, सगळं बघून घ्यायचं त्यांनी ठरवलं होतं. आणि ही बाई दिसेल त्या कट्ट्यावर टेकत होती. डोक्याला नुसता ताप!

ते एका दमात वर गेले. धाप नाही की घाम नाही. समुद्र पाहिला, गंजक्या तोफेवर हात फिरवला आणि उड्या मारतच खाली आले. ती तिथेच.

"माझे पाय बघ," ते म्हणाले. "सुरुवातीला कसले ठणकत होते! पण तो घाट लागला तेव्हापासून पिसासारखे हलके झालेत. याला म्हणतात सराव. आणि तुझं काय? त्या घाटात कट्कन आवाज झाला, तेव्हाच मी म्हटलं, गेला हिचा गुडघा."

"माझा गुडघा नव्हता हो तो."

"मग काय माझा होता?"

तिनं बूट चढवला. तिचा जन्म पायमशीनवर शिवणकाम करण्यात गेला होता. पण ते बसून केलेलं काम, मास्तर त्याला कष्टात धरत नसत.

दीपगृहाच्या वाटेवर ती पाणी प्यायला थांबली आणि मास्तरांचा पारा पुन्हा चढला.

"चढावरही हेच! तू दोन घोट घ्यायला थांबलीस की सायकल लगेच अडते. म्हणजे मी मरमर पायडल मारायचं आणि तू मागे वजन टाकून बसायचं. आयत्या बिळावर नागोबा!"

"हळू बोला. लोक बघतायत."

"बघू देत! मी ठरवलंय. उद्या सकाळच्या बसनं तू पुढे जा. सायकल घेऊन मी एकटा येतो."

तिचा चेहरा पडला. निघताना लेक फोनवर खो खो हसली होती, "आई, तू आणि सायकल?" लेकीच्या दारात सायकलवरूनच उतरायचं, एवढी एकच हौस तिनं मनात धरली होती.

"आता राहिलंय किती?" तिचे डोळे भरून आले. "इथवर आले ना मी? मला नका हो बसमध्ये घालू."

"इथवर आणलं मी तुला! हे लोढणं अजून किती ओढू?"

लोढणं म्हटल्यावर मात्र तिला राग आला. तिनं पदरानं डोळे पुसले.

"बरं. जाते बसनं. पण आधी मला एकट्यानं चालवून दाखवा. बापाला असंच वाऱ्यावर सोडून आलीस का, असं लेकीनं विचारलं तर काय सांगू?"

"त्यात काय दाखवायचंय? डाव्या हाताचा खेळ आहे!"

तरी ते तरातरा लॉजवर गेले आणि सायकल हातानं ढकलत धक्क्यावर घेऊन आले. रस्ता सपाट, गुळगुळीत. जाळी विणत बसलेले दोन कोळी माना वर करून बघू लागले. ती कठड्यावर बसली. पाय फार दुखत होते.

मास्तर पुढच्या सीटवर चढले. तोल सावरायला एका हातानं दिव्याचा खांब धरला आणि दोन्ही पाय पायडलवर ठेवले.

"नीट बघून घे! लेकीला सांग, बाप वाऱ्यासारखा सुटला म्हणून."

आणि खांब धरूनच त्यांनी पायांत होता तेवढा जोर लावला.

पुढचे पायडल गरागरा फिरू लागले. मागचे जागचे हलले नाहीत, आणि सायकलही.