पापणी लवेपर्यंत

या, असे जवळ सरका. गोष्ट छोटी आहे, पण देवाला स्मरून सांगतो, मन लावून ऐका.

पोहण्याच्या तलावावर जीवरक्षकांची वार्षिक परीक्षा चालली होती. अंधाऱ्या खोलीत यंत्रातून पडद्यावर चित्र पापणी लवेपर्यंत उमटायचं आणि जायचं. तेवढ्यात ओळखायचं, काय होतं ते. शंभर डोकी पाण्यात असताना बुडणारं एक डोकं हेरायला काठावरच्या माणसाला तेवढाच वेळ मिळतो.

बगळ्याचा नंबर बारावा. तासन्‌तास एका पायावर भार देऊन पाण्याकडे बघायचा, म्हणून हे नाव. वीस वर्षांत त्याच्या पाळीत कुणी बुडालं नव्हतं. घरात मिळवता तो एकटाच.

आधीचे अकराही पास होऊन बाहेर आले. घाम पुसत, नजर चुकवत. बगळ्याने थट्टा केली, "पास झालात की पकडले गेलात?" कुणी हसलं नाही.

बारा चित्रं, दरवर्षी तीच, क्रमही तोच, त्यामुळे सगळ्यांना तोंडपाठ. बगळा मात्र बघूनच सांगायचा.

तो आत बसला. यंत्र खट वाजलं. काळोख. पुन्हा खट. पुन्हा काळोखच. परीक्षकसाहेब छोट्या दिव्याखाली यादीत मान घालून बसले होते. बगळ्याच्या तोंडून पाठ असलेलंच निघत गेलं. बाजार, पूल, शाळेचं मैदान. साहेब खुणा करत गेले. बाराच्या बारा बरोबर.

बाहेर येताच त्याने पलीकडच्या फुटपाथवरच्या बाईला हाक मारून सांगितलं, की पोराच्या बुटाची नाडी सुटलीय. मग थबकला आणि परत आत गेला.

"साहेब, मला एकही चित्र दिसलं नाही. पाठ म्हणून दाखवलं."

"पास झालायस ना? मग गप घरी जा."

"एरवी लांबचंही दिसतं हो. पण नेमका तो क्षण निसटतोय. उद्या त्याच क्षणात एखादं पोर गेलं, तर वर जाऊन काय तोंड दाखवू?"

गळ्यातली शिट्टी टेबलावर ठेवून तो कायमचा गेला.

संध्याकाळी झाडलोट करणारी बाई यंत्र कपाटात ठेवायला आली. भिंगावरचं झाकण सकाळी तिनेच पुसून बसवलं होतं. ते अजून तसंच होतं. तिने पदराने पुन्हा एकदा पुसलं आणि कपाट लावून घेतलं.

पोरांना पाण्यात सोडाल, तेव्हा बगळ्याची आठवण ठेवा. काठावर आता ते अकरा जण उभे असतात.