खर्जातली आठ गाणी

"फोटो काढून टाक. नावही," विनोदकुमारने कॅसेटचं कव्हर टेबलावर आपटलं. "काळे कपडे, काळे ओठ! आपल्या घरात कुणी मेलंय का?"

"नाही काढणार," प्रेमा म्हणाली.

"रविवारी चारला मुलाकडची माणसं येताहेत. त्यांनी हे बघितलं तर?"

"बघू देत की. आवाज माझा, तर नावही माझंच."

घरात विनोदकुमारचंच चालायचं. प्रेमाने कुठे जायचं, किती वाजता परतायचं, हेही तोच ठरवायचा. बोम्मसंद्र्याला ती मैत्रिणीकडे विणकामाला जाते, अशी हे कव्हर हाती पडेपर्यंत त्याची समजूत होती. कसलं विणकाम! जायची ती सुधींद्रच्या शेडमध्ये.

सुधींद्र आणि गुरुप्रसाद, दोघे इंजिनिअरिंगचे. अंगात काळं, डोळ्यांत बोटभर काजळ आणि गिटारी अशा, की स्मशानातही शेजारी तक्रार करतील. याला गॉथ रॉक म्हणतात म्हणे. दहा वर्षांपूर्वीची विलायती सिंथ-पॉप गाणी, कीबोर्डवरची टुणटुणीत, नाचरी, ती या पठ्ठ्यांनी उचलली, कीबोर्ड बाजूला सारला आणि निम्म्या वेगात वाजवायला बसले. सगळं जमलं, गळा तेवढा मिळेना. मग एकदा बसमध्ये प्रेमा कंडक्टरवर खेकसली आणि दोघांनी एकदम मागे वळून पाहिलं.

"अक्का, आमच्यासाठी गाणार?"

असं तिला कधी कुणी विचारलंच नव्हतं. शाळेत बाईंनी सांगितलं होतं, तू नुसते ओठ हलव. हळदीकुंकवात गाण्याची वेळ आली की तिला पानसुपारी आणायला पिटाळायचे. आता त्याच घोगऱ्या गळ्यासाठी दोन पोरं वाट बघत थांबायची. तिने इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून पाठ केले.

"उच्चार चुकतोय का रे?"

"चुकू दे, अक्का. अंगावर काटा येतोय."

आठ गाणी झाली. रविवारी सहाला कॉलेजच्या हॉलमध्ये कॅसेट निघणार होती, आणि त्याच दिवशी चारला पाहुणे.

"चांगली साडी नेसून गप्प बस," विनोदकुमारने बजावलं. "विचारलं तर हो, नाही, एवढंच. स्वल्प तरी घराच्या अब्रूचा विचार कर. लग्न ठरू दे, मग हवं ते गा."

"माझ्या गाण्याने मोडत असेल, तर ते लग्न मोडलेलंच बरं."

"हट्टी आहेस!"

"आहेच मुळी."

तिच्या बाजूने घरात एकटी दिव्यश्री. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. रविवारी दार लावून तिनेच प्रेमाच्या डोळ्यांत काजळ रेखलं. "हलू नकोस गं, फिस्कटेल!" प्रेमाला भीती वाटत होती, पण माघार घ्यायची नव्हती.

चारला मुलगा आला, सोबत वडील उमाकांत आणि आई कृष्णवेणीबाई. चहा व्हायच्या आतच प्रेमा बाहेर आली, नखशिखांत काळ्यात. विनोदकुमारच्या तोंडचं पाणी पळालं. तिने सरळ जाऊन टेपरेकॉर्डर लावला. गिटार घुमली आणि मागून तो खर्ज.

"कोण गातंय हे?" कृष्णवेणीबाईंनी विचारलं.

"मी. सहाला कार्यक्रम आहे. पसंत नसेल तर आत्ताच सांगा, आम्ही लपवणार नाही."

"आमच्यात असली थेरं चालत नाहीत. हे बंद होणार की नाही?"

"होईल, होईल!" विनोदकुमार घाईने म्हणाला. "आजपासूनच बंद!"

"होणार नाही," प्रेमा म्हणाली.

टेपवर पुढचं गाणं सुरू झालं.

तेवढ्यात आतून दिव्यश्री आली. पोह्यांचा ट्रे तिने टीपॉयवर ठेवला, नव्या मैसूर सिल्कचा पदर कमरेला खोचला आणि मुलाकडे सरळ पाहिलं.

"माझाच नकार आहे," ती म्हणाली. "चल आजी, उशीर होतोय."