कोमट पाण्याचा टब

“ताई, टबाला कशाला नावं ठेवता? सगळ्या बाळांच्या दुधाच्या बाटल्या त्यातच कोमट करतो आम्ही,” सिस्टर वैतागल्या.

नवजात बाळांच्या कक्षात तिघांना ताप चढला होता. त्यांत माझी लेक. औषधं लागू पडत नव्हती. काचेबाहेरून मी पाहिलं होतं, टबातलं पाणी कुणी बदलत नाही, नुसती भर घालतात. डॉक्टरांच्या मागे लागून ते तपासायला पाठवलं.

अहवाल आला. टबातल्या आणि बाळांच्या रक्तातल्या जंतूंची जनुकं तंतोतंत जुळली. कोणतं औषध त्यांना मारेल, तेही त्या जनुकांतच सापडलं!

ते औषध सुरू झालं आणि चौथ्या दिवशी ताप उतरून लेक भुकेनं रडली. टब भंगारात टाकून आलेल्या सिस्टर हसल्या, “आता दूध कशात कोमट करू, तुम्हीच सांगा.”

मी लेकीला पदराखाली घेतलं. “कशात कशाला? कोमटच आहे.”