सिंहाची पाटी

“ही बनावट निघाली ना मोहन, तर कुलवृत्तान्ताच्या मुखपृष्ठावर माझ्या आजोबांचा फोटो. विसरू नकोस,” शिरीष म्हणाला.

मोहनने पंच्यात गुंडाळलेली पितळी पाटी नेदरलँड्समधल्या युट्रेख्टच्या दप्तरखान्यातल्या मार्लूसबाईंसमोर ठेवली. पाटीवर ढाल, ढालीवर सिंह. माडवणकरांच्या वेंगुर्ले शाखेचं कुलचिन्ह. वेंगुर्ल्याच्या वखारीतल्या डचांनी ते पूर्वजाला पराक्रमाबद्दल बहाल केलं होतं. कुठला पराक्रम, ते घरात कोणी विचारत नसे. दसऱ्याला पूजा मात्र चुकत नसे.

शिरीष मालवण शाखेचा. पाटी जुन्या बाजारातली आहे, हे त्याचं ठाम मत, आणि तेवढ्यासाठी तो रजा टाकून आर्नहेमहून आला होता. दोन्ही शाखांचा एकत्र कुलवृत्तान्त आज संध्याकाळी पुण्यात छापायला जायचा होता. पाटी अस्सल ठरली तर मुखपृष्ठ वेंगुर्ल्याचं, नाहीतर मालवणचं. एवढा तह व्हायला व्हॉट्सॲपवर अकरा महिने लागले होते.

बाईंनी कापसाच्या बोळ्याने कुंकवाचे थर हळूहळू पुसले. भिंग लावलं. मग कपाटातून एक जाड नोंदवही काढून आणली.

“अस्सल आहे,” त्या म्हणाल्या.

मोहनने शिरीषकडे पाहिलं. शिरीषने छताकडे.

“पण तुमचं नाही. वखारीच्या साहेबाचं कुलचिन्ह आहे हे, त्याच्या पेटीवरचं. पेटीवरून उचकटून नेल्याची तक्रार इथे आहे. सन सोळाशे एकाहत्तर. चोराचं नावही दिलंय. विसोबा माडवणकर.”

मोहनने पाटी पुन्हा पंच्यात गुंडाळली, गाठ जरा जास्तच घट्ट मारली.

“झालं समाधान, दादा?” तो म्हणाला. “कळव पुण्याला. लाव आजोबांचा फोटो. चोराच्या वंशजांना मागचं पान पुरे.”

शिरीष हसला नाही. त्याने नोंदवही स्वतःकडे ओढली आणि न कळणाऱ्या जुन्या डच अक्षरांवरून बोट फिरवलं.

“सोळाशे एकाहत्तर? आपल्याकडे सतराशे नव्वदच्या मागचा एक चिटोरा नाही रे!”

“मग?”

“मग काय मग? विसोबा तुमचा कुठून आला? विसोबा आमचा, मालवणचा! ती चोरी आमची आहे, मोहन. मुखपृष्ठावर आमचंच नाव लागणार!”